लेखणी कोणाच्या हातात? जपानी उत्तराधुनिक कादंबरीतील निवेदनाविषयी

कोबो आबे यांच्या १९७३ सालच्या 'हाको ओतोको' या कादंबरीत, म्हणजे इंग्रजीतून वाचणाऱ्यांना 'द बॉक्स मॅन' या नावाने परिचित असलेल्या पुस्तकात, सुरुवातीच्याच पानांवर पुठ्ठ्याचा खोका कसा तयार करावा याची रीतसर कृती दिलेली आहे. रिकामा खोका, धुरकट प्लास्टिकचा तुकडा, पाण्याने न सुटणारी चिकटपट्टी, तार आणि सुरी असे सामान लागते. डोळ्यांच्या पातळीवर खिडकी कापायची, तिच्यावर प्लास्टिकचा पडदा लावायचा आणि तो मधोमध उभा चिरायचा, म्हणजे खोका किंचित कलवला की चिरेतून बाहेरचे दिसते, पण बाहेरच्या माणसाला आतले काही दिसत नाही. हा खोका कमरेपर्यंत अंगावर घालून, नाव-पत्ता-नोकरी सारे मागे टाकून शहरात भटकणारा माणूस या कादंबरीचा निवेदक आहे, आणि आपण हे टिपण खोक्यात बसूनच लिहीत आहोत असे तो सांगतो.

कृती इतकी नेमकी असल्यामुळे सांगणाऱ्यावर विश्वास बसतो, आणि आबे यांना पुढच्या कामासाठी हाच विश्वास हवा असतो. कोणीतरी हवेच्या बंदुकीने खोकेवाल्याला जखमी करते, तो इलाजासाठी जातो, त्याच्या खोक्यासाठी पन्नास हजार येन देऊ करणारी एक परिचारिका त्याला भेटते आणि मग तसाच खोका घातलेला दुसरा माणूस समोर येतो. इथून वहीची मालकी निसटू लागते. मध्येच निराळ्या कागदावरचा मजकूर येतो, एका मृत्यूसंबंधीची जबानी येते, आबे यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे मथळ्यांसह येतात. आपण वाचतो आहोत ते खऱ्या खोकेवाल्याने लिहिले आहे, नकली खोकेवाल्याने लिहिले आहे, की खोक्याच्या बाहेर बसून या दोघांची कल्पना करणाऱ्या तिसऱ्याच कोणी, हे ठरवण्याचे साधन कादंबरी वाचकाच्या हाती ठेवत नाही. रहस्यकथेत असा प्रश्न शेवटी सुटतो. इथे तो जसजसा पुढे जातो तसतसा अधिक गुंतत जातो, आणि तरीही वाचन थांबवावेसे वाटत नाही, कारण प्रत्येक पानाची भाषा तितकीच शांत आणि तपशीलवार राहते.

जपानी उत्तराधुनिक कादंबऱ्यांबद्दल बोलताना तुटलेली कथानके, दोन समांतर जगे, स्वतःबद्दल बोलणारी संहिता अशी वैशिष्ट्ये मोजली जातात, आणि ती पाश्चात्त्य प्रयोगांच्या प्रभावातून आली असे सांगून विषय संपवला जातो. प्रभाव होताच, हारुकी मुराकामी यांच्यावरील अमेरिकी कादंबरीचा प्रभाव त्यांनी कधी लपवलेला नाही. परंतु या कादंबऱ्या एकापाठोपाठ एक वाचत गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, त्यांच्या रचनेतील सगळी मोडतोड एका विशिष्ट गृहीतकावर नेम धरून केलेली आहे, आणि ते गृहीतक जपानी साहित्याच्या आतले आहे: कादंबरीत 'मी' म्हणणारा माणूस आणि मुखपृष्ठावर ज्याचे नाव छापले आहे तो माणूस, हे दोघे एकच असतात.

या गृहीतकाला इतिहास आहे. तायामा काताई यांची 'फुतोन' ही कादंबरी १९०७ साली आली. तरुण शिष्येबद्दलची मध्यमवयीन लेखकाची ओढ त्यांनी त्यात इतक्या उघडपणे मांडली की ती स्वतः काताई यांचीच कबुली म्हणून वाचली गेली, आणि पुढे 'शिशोसेत्सु', म्हणजे 'मी-कादंबरी', हा प्रकार जपानी आधुनिक साहित्याचा कणा होऊन बसला. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी वाचक लेखकाचेच आयुष्य वाचत असे. अशा लेखनात रचनेला फारसे काम उरत नाही. दिवस जसे गेले तसे सांगायचे, आणि सांगणारा खरे बोलतो आहे एवढ्या भरवशावर पुस्तक उभे राहायचे. १९२७ साली तानिझाकी आणि अकुतागावा या दोन लेखकांत झालेला प्रसिद्ध वाद याच जागेवरचा आहे. कादंबरीचे सौंदर्य तिच्या बांधणीत, घटनांच्या रचलेल्या इमारतीत आहे, असे तानिझाकी यांचे म्हणणे होते. अकुतागावा यांनी 'गोष्ट म्हणावी अशी गोष्ट नसलेल्या' कादंबरीची बाजू घेतली आणि 'मी-कादंबरी'चे नामवंत लेखक शिगा नाओया यांच्या लेखनाकडे बोट दाखवले. त्याच वर्षी जुलैमध्ये अकुतागावा यांनी आयुष्य संपवले आणि वाद अर्धा राहिला. या वादात मला नेहमी जाणवणारी गोष्ट अशी की, कथानकाचे महत्त्व नाकारणाऱ्या अकुतागावा यांनीच १९२२ साली 'याबु नो नाका' ही कथा लिहिली होती. त्यात एकाच मृत्यूबद्दल सात जबान्या आहेत, त्यांतली एक खुद्द मृताची, माध्यमाच्या तोंडून आलेली, आणि कोणती खरी हे सांगणारा निवेदकच नाही. पन्नास वर्षांनी आबे ज्या वाटेने गेले, ती इथे आखलेली दिसते.

हारुकी मुराकामी यांची १९८५ सालची 'हार्ड-बॉइल्ड वंडरलँड अँड द एंड ऑफ द वर्ल्ड' ही कादंबरी 'मी'ला सरळ दोन भागांत चिरते. चाळीस प्रकरणे आहेत. विषम क्रमांकाची प्रकरणे टोकियोत घडतात, सम क्रमांकाची भिंतींनी वेढलेल्या एका गावात. दोन्हींकडे निवेदन प्रथमपुरुषी आहे, पण जपानी मूळात टोकियोतला निवेदक स्वतःला 'वाताशी' म्हणतो, म्हणजे औपचारिक 'मी', आणि गावातला 'बोकु', म्हणजे पुरुषांच्या बोलण्यातला अनौपचारिक 'मी'. इंग्रजी अनुवादक आल्फ्रेड बर्नबाउम यांना हा भेद इंग्रजीत करता येण्याजोगा नव्हता, म्हणून त्यांनी टोकियोची प्रकरणे भूतकाळात आणि गावाची वर्तमानकाळात लिहिली.

या कादंबरीचे पहिले प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. निवेदक एका विलक्षण संथ लिफ्टमध्ये उभा आहे. ती वर जाते आहे की खाली, की मुळात हलतच नाही, हे त्याला कळत नाही. वेळ घालवण्यासाठी तो खिशातली चिल्लर मोजू लागतो. उजव्या खिशात ५०० आणि १०० येनची नाणी, डाव्या खिशात ५० आणि १० येनची. दोन्ही हात दोन्ही खिशांत घालून तो दोन्ही बेरजा एकाच वेळी करतो, मेंदूचे दोन अर्धे स्वतंत्रपणे चालवतो आणि शेवटी दोन्ही आकडे जोडतो. या खेपेला त्याची बेरीज चुकते. पहिल्या वाचनात हा एका विक्षिप्त माणसाचा छंद वाटतो. पुस्तक संपवून परत आल्यावर कळते की, मुराकामी यांनी आपल्या कादंबरीची संपूर्ण रचना या खिशांमध्ये ठेवली होती: दोन मोजण्या स्वतंत्र चालतात, एकमेकींकडे पाहत नाहीत, आणि त्या जोडण्याची वेळ येते तेव्हा उत्तर जुळत नाही.

गावातल्या निवेदकाची सावली प्रवेशद्वारावरच कापून घेतली जाते आणि ग्रंथालयात बसून एकशिंगी प्राण्यांच्या कवट्यांमधून जुनी स्वप्ने वाचण्याचे काम त्याला मिळते. टोकियोतल्या निवेदकाच्या हाती अशीच एक कवटी येते. बराच काळ दोन कथांमधला हा एवढाच ठळक दुवा असतो. मग टोकियोत 'डॅनी बॉय' हे गाणे वाजते, गावात अकॉर्डियनवर तेच सूर आठवतात, आणि दोन्हींकडे कवट्या मंद प्रकाशाने उजळतात. हा क्षण कोणत्याही पात्राला पूर्ण दिसत नाही. टोकियोतल्या माणसाला गाव ठाऊक नाही, गावातल्या माणसाला टोकियो आठवत नाही. दोन्ही प्रकाश एकत्र पाहणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे वाचक. समांतर निवेदनाचा इतका काटेकोर उपयोग मी इतरत्र क्वचितच पाहिला आहे. शेवटी टोकियोतल्या माणसाची जाणीव बंद होण्याच्या बेतात असते आणि गावातला माणूस सावलीला निसटू देऊन स्वतः मागे राहायचे ठरवतो. दोन शेवट एकमेकांना उत्तर देतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत.

मुराकामी यांनी हीच पद्धत पुढे पुन्हा वापरली. 'काफ्का ऑन द शोअर' मध्ये विषम प्रकरणे प्रथमपुरुषी आणि सम प्रकरणे बहुतांशी तृतीयपुरुषी आहेत. '१क्यू८४' च्या पहिल्या दोन खंडांत बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर' च्या धर्तीवर प्रत्येकी चोवीस प्रकरणे आओमामे ही नायिका आणि तेंगो हा नायक यांच्यात आळीपाळीने वाटलेली आहेत. तिसऱ्या खंडात उशिकावा हा तिसरा आवाज येतो आणि माझ्या मते तिथेच ताण सैल पडतो, कारण वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी शोधून काढण्यात त्याची बरीच पाने जातात. भिंतीचे गाव मात्र मुराकामी यांना सोडत नाही. १९८० साली मासिकात आलेली आणि त्यांनी कधी पुस्तकात न घेतलेली एक दीर्घकथा, १९८५ ची ही कादंबरी आणि २०२३ ची 'द सिटी अँड इट्स अनसर्टन वॉल्स', अशी तीन वेळा ते त्या गावात गेले आहेत.

निवेदकाचा अधिकार काढून घेण्याचा याहून साधा मार्ग यासुओ तानाका यांनी शोधला. १९८० साली पारितोषिक मिळवून गाजलेल्या 'नान्तोनाकु, कुरिसुतारु' या त्यांच्या कादंबरीत टोकियोतली एक विद्यार्थिनी-मॉडेल आपले दिवस सांगते, आणि तिने उच्चारलेल्या दुकानांना, कपड्यांच्या कंपन्यांना, गायकांना मिळून ४४२ टिपा जोडलेल्या आहेत. टिपांचा आवाज तिचा नाही. तो अधिक जाणता आहे आणि कधी कधी तिच्या आवडीनिवडींवर शेराही मारतो. तिची गोष्ट संपल्यावर शेवटी येतात ते घटत्या जननदराचे आणि वाढत्या वृद्धसंख्येचे आकडे. तरुणपणाच्या झगमगाटाची ही कहाणी त्या आकड्यांवर येऊन थांबते, त्याबद्दल निवेदिका एक शब्द बोलत नाही, आणि त्यामुळेच तो शेवट मनातून जात नाही.

यासुताका त्सुत्सुई यांच्याकडे मात्र थांबलेच पाहिजे, कारण रचनेचे नियम आधी जाहीर करून मग ते शेवटपर्यंत पाळण्याची शिस्त त्यांच्याइतकी कोणाकडे नाही. 'क्योजिन-ताची' या १९८१ च्या कादंबरीत नायकाची पत्नी आणि मुलगी एकाच वेळी, वेगवेगळ्या गुन्हेगारांकडून पळवल्या जातात, आणि नायकाला पहिल्यापासून ठाऊक आहे की तो कादंबरीतले पात्र आहे. वाचनाचा वेळ आणि कथेतला वेळ एका मापाने चालतात, त्यामुळे नायक बेशुद्ध पडतो तेव्हा पाने कोरी राहतात. कोऱ्या पानांना जपानी परंपरेत फार जुना पूर्वज आहे: 'गेन्जी मोनोगातारी' या अकराव्या शतकातील, राजपुत्र गेन्जीच्या कथेत 'कुमोगाकुरे' या नावाचे एक प्रकरण आहे, ज्याला फक्त शीर्षक आहे, मजकूर नाही, आणि गेन्जीचा मृत्यू त्या रिकाम्या जागेत झाला असे मानले जाते.

त्सुत्सुई यांचे सर्वांत हृद्य पुस्तक माझ्या मते १९८९ चे 'झान्झो नि कुचिबेनि ओ' हे आहे. प्रकरणागणिक जपानी भाषेतला एकेक ध्वनी नाहीसा होतो. सुरुवात 'अ' पासून होते. ध्वनी गेला की तो ज्या शब्दांत आहे ते सगळे शब्द जातात, आणि शब्द गेले की त्या वस्तू आणि ती माणसेही जगातून जातात. निवेदन करणाऱ्या वाक्यांनाही तोच नियम लागू आहे, म्हणजे गेलेला ध्वनी लेखकालाही पुन्हा वापरता येत नाही. नायक स्वतः कादंबरीकार आहे. त्याच्या मुली त्यांच्या नावांतले ध्वनी गेल्यामुळे एकेक करून नाहीशा होतात. कोण गेले हे त्याला सांगता येत नाही, कारण सांगण्यासाठी लागणारे नावच उरलेले नसते, आणि मागे राहते ती केवळ दृष्टीपुढची पुसट छाया. शीर्षकातली इच्छा त्या छायेच्या ओठांना रंग लावण्याची आहे. भाषेचा एवढा कडक खेळ आणि इतके उघडे दुःख एकाच वाक्यात नांदू शकते, हे मला या पुस्तकाने दाखवले.

पुढे याच उरल्यासुरल्या ध्वनींतून नायक आत्मचरित्र सांगू पाहतो. 'मी-कादंबरी'ची परंपरा लक्षात घेतली की या भागाचे वजन कळते. लेखकाने आपले आयुष्य प्रामाणिकपणे मांडावे ही ज्या साहित्याची प्रमुख अपेक्षा होती, त्या साहित्यात एक लेखक आपले आयुष्य अपुऱ्या ध्वनींनी मांडायला बसतो; तो खोटे बोलत नाही, पण बालपणातल्या ज्या गोष्टींची नावे शिल्लक नाहीत त्यांच्या भोवतालून त्याला जावे लागते. पुस्तकाच्या मूळ आवृत्तीचा उत्तरार्ध चिकटवून बंद केलेला होता, आणि इथवर वाचून ज्यांना पुढे वाचावेसे वाटत नसेल त्यांनी तो न उघडता प्रकाशकाकडे परत आणावा, पैसे मिळतील, अशी सूचना छापलेली होती. निवेदनाचा करार वाचकाशी मध्यावर पुन्हा एकदा करायचा, आणि तोही पुस्तकाच्या कागदावर, ही कल्पना त्याच लेखकाची आहे ज्याने लवकरच, १९९१-९२ मध्ये, दैनिकात क्रमशः येणाऱ्या 'आसा नो गासुपारु' या कादंबरीची दिशा वाचकांच्या पत्रांना आणि संगणकावरून आलेल्या संदेशांना बदलू दिली.

गेनइचिरो ताकाहाशी यांच्या 'सायोनारा, ग्यांगु-ताची' बद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिचा सारांश सांगणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे आहे. विद्यार्थी चळवळीत ताकाहाशी यांना अटक झाली, कोठडीच्या काळात त्यांची भाषा हरपल्यासारखी झाली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी अंगमेहनतीची कामे केली. १९८० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या या पहिल्या कादंबरीत लहान लहान तुकडे आहेत, प्रेमिक एकमेकांना नावे देतात, कवी व्हर्जिल रेफ्रिजरेटर झालेला आहे, आणि लहान मुलीच्या मृत्यूची सूचना नगरपालिकेकडून टपालाने येते. त्या प्रसंगात बापाने मुलीला पाठीवर घेऊन जाण्याचे वर्णन इतक्या साध्या वाक्यांत आहे की, तोवर ज्या तुकड्यांना आपण खेळ समजत होतो ते सगळे पुन्हा वाचावे लागतात. सलग कथा सांगण्याची ताकद जिथे उरलेली नाही, तिथून हे तुकडे आलेले आहेत.

मिनाए मिझुमुरा यांची 'होन्काकु शोसेत्सु', म्हणजे 'अस्सल कादंबरी', ही २००२ सालची कादंबरी वरवर पाहता या सगळ्यांच्या उलट दिशेची आहे: मोठी, सलग, जुन्या घाटाची प्रेमकथा. एमिली ब्राँटे यांच्या 'वुदरिंग हाइट्स' ला युद्धोत्तर जपानमध्ये आणि कारुइझावा परिसरातल्या उन्हाळी घरांमध्ये नव्याने घडवण्याचा तिचा उघड प्रयत्न आहे. परंतु तिची बांधणी पाहा. आरंभी शंभराहून अधिक पानांची प्रस्तावना आहे, जिच्यात मिनाए नावाची लेखिका आपले न्यूयॉर्कजवळचे बालपण सांगते, आपल्याला 'मी-कादंबरी' लिहायची नाही आणि तरीही अस्सल रचलेली कादंबरी जपानीत उभी राहणे इतके अवघड का, याचा विचार करते. मग युसुके हा तरुण तिला भेटतो आणि जपानमध्ये ऐकलेली गोष्ट सांगतो. ती गोष्ट त्याला फुमिको या घरकाम करणाऱ्या स्त्रीने सांगितलेली असते. आणि फुमिको जे सांगते ते तारो आणि योको यांच्याबद्दल असते. म्हणजे वाचक ज्या प्रेमकथेत बुडून जातो ती त्याच्यापर्यंत तीन तोंडांतून आलेली आहे.

ही उतरंड केवळ जुन्या इंग्रजी कादंबरीची आठवण म्हणून ठेवलेली नाही. शेवटाकडे फुयुए ही वृद्ध स्त्री युसुकेला फुमिकोबद्दल अशी एक गोष्ट सांगते, जी फुमिकोने आपल्या इतक्या लांबलचक आणि मनमोकळ्या वाटणाऱ्या कथनातून संपूर्ण वगळलेली होती: तारोशी असलेले तिचे स्वतःचे नाते. त्या एका वाक्याने शेकडो पाने मागे सरकून नव्या जागी बसतात. फुमिकोने कोठे घाई केली, कोठे नजर वळवली, कोणत्या रात्रीचे वर्णन दोन ओळींत आटोपले, हे सगळे अचानक दिसू लागते. पुस्तकात स्थळांची छायाचित्रे आहेत, आबे यांच्याप्रमाणेच, आणि ती कथेच्या खरेपणाची साक्ष देतात असा आपला समज होतो; प्रत्यक्षात ती जागा खऱ्या असल्याचे सांगतात, माणसांबद्दल काहीच सांगत नाहीत. मिझुमुरा यांनी तानिझाकी यांची रचलेली इमारत उभी केली आणि तिच्या पायात 'मी'च्या कबुलीवरचा अविश्वास घातला. मला विचाराल तर १९२७ च्या त्या वादाला मिळालेले हे सर्वांत भरीव उत्तर आहे.

योको तावादा जपानी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत लिहितात. त्यांच्या २०११ सालच्या 'युकि नो रेन्शुसेइ' मध्ये, इंग्रजीत 'मेमॉयर्स ऑफ अ पोलर बेअर', ध्रुवीय अस्वलांच्या तीन पिढ्या आहेत. पहिले अस्वल आत्मचरित्र लिहिते. दुसऱ्या भागात सर्कशीत काम करणारी बार्बारा 'मी' म्हणून आपली कहाणी सांगते, आणि बरीच पाने गेल्यावर उलगडते की हे शब्द तिच्या अस्वलाने, तोस्काने, तिच्या वतीने लिहिलेले आहेत. तिसऱ्या भागात बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातला क्नुट हे पिल्लू आहे. त्याचे निवेदन तृतीयपुरुषी चालते आणि वाचक ते नेहमीच्या सर्वज्ञ निवेदकाचे समजून वाचतो, तोच दुसरे एक अस्वल क्नुटला विचारते की तू स्वतःला 'क्नुट' का म्हणतोस. तेव्हा कळते की आतापर्यंतचे सगळे त्यानेच सांगितलेले होते. माणसे त्याला ज्या नावाने हाक मारत, त्याच नावाने तो स्वतःचा उल्लेख करत होता. त्या प्रसंगानंतर क्नुट 'मी' म्हणू लागतो. आधीची पाने तावादा यांनी तशीच ठेवली आहेत, तृतीयपुरुषी, आणि दुसऱ्यांदा वाचताना दुधाची बाटली, पाळणाऱ्याचे हात आणि काचेपलीकडची गर्दी या सगळ्यांकडे पाहणारा कोण आहे हे आपल्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक असते.